सुमन परबचा रिफंड

५ जुलै ८३
रिटर्न भरलं. म्हणजे लिहिलं मुकादमकाकांनी, सह्या माझ्या. काका वरच्या मजल्यावर राहतात. पनवेलच्या कोर्टात कारकून होते, आता वाशीतल्या दुकानदारांची रिटर्नं लिहितात. माझ्याकडून पैसे घेत नाहीत, वालाची उसळ घेतात.
मागचे दोन रिफंड अजून आलेले नाहीत, हा तिसरा. तुर्भ्याच्या कंपनीचं ट्रेसिंग घरी करून देते, ती दर बिलातून टॅक्स कापते. माझी कमाई टॅक्स बसण्याएवढी नाहीच, तेव्हा कापलेलं परत मिळायला हवं. तिन्ही मिळून सातशेच्या वर. तेवढ्यात ओळखीतल्या साठ्यांचं जुनं ड्राफ्टिंग मशीन येतं. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. घरी मशीन असेल तर तळोज्याची कंपनी मूळ ड्रॉइंगं द्यायला तयार आहे. ट्रेसिंग म्हणजे दुसऱ्याच्या रेषेवरून रेष ओढणं. डिप्लोमा करून इतकी वर्षं तेच. कंटाळा नाही, वीट आलाय.

१९ जुलै
खाडीपूल ओलांडून इन्कमटॅक्सच्या कचेरीत. रिफंडचं विचारायला गेले, क्लार्कनं खर्चाचा कागद पुढे ओढला. शाई, निबा, ट्रेसिंग पेपर पास. ब्लेडच्या पाकिटांवर बोट.
"बाई, दाढीचा खर्च मिस्टरांच्या नावावर दाखवा."
शेजारची दोन टेबलं हसली. चुकलेली शाई ब्लेडनं खरवडतात, ट्रेसरचं खोडरबर तेच, हे सांगितलं. ऐकून घेतलं आणि खोडलं. लाइटबिलाचा हिस्साही खोडला, दिवा काय तुमच्या एकटीसाठी जळतो, म्हणून. रिफंड? फाइल साहेबांकडे. साहेब? टूरवर.
परत येताना बसला उशीर. चिडचिड घरी आणली, आमटी खारट झाली.

२ ऑगस्ट
अडलंय कुठे ते कळलं एकदाचं.
कंपनीची टॅक्स कापल्याची सर्टिफिकिटं कु. सुमन दत्ताराम परब या नावानं. रिटर्न सौ. वैशाली विनायक सावंत या नावानं. काम मागायला गेले तेव्हा डिप्लोमा दाखवला होता, कंपनीनं त्यावरचं नाव घेतलं. काकांनी दारावरच्या पाटीचं घेतलं. मी दोन्हीकडे सही ठोकली आणि कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलासुद्धा.
क्लार्क म्हणाला, टॅक्स परबबाईंचा कापलाय, तुम्ही कोण मागणाऱ्या? म्हटलं, मीच ती. म्हणाला, कागद दाखवा.
कागद कुठला आणू? ताटात तांदूळ पसरले, वि.नी अंगठीनं वैशाली लिहिलं, पेढे वाटले. नाव बदललं. मला विचारलंसुद्धा नव्हतं, पावती कोण देतंय.

३ ऑगस्ट
काकांना सांगितलं. चष्मा काढून ठेवला.
"दारावर नाव बघला, लिवला. तुला इचारायला पायजे होता मी."
उपाय एकच. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र, लग्नात हिचं नाव मी बदललं अशी नवऱ्याची सही. काकांनी मसुदा तिथल्या तिथे लिहून दिला. सोपं आहे म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

७ ऑगस्ट
वि.ना मसुदा वाचायला दिला. वाचला, घडी घातली, टीव्हीवर ठेवला.
म्हणाले, एवढं टेन्शन कशाला? पुढची बिलं माझ्या नावानं घे. तळोज्याचं कामही मी कॉन्ट्रॅक्टर म्हणून घेतो, तू घरात बसून ड्रॉइंगं काढ. नावाची भानगडच नको.
"मग ड्रॉइंगवर सही कुणाची?"
"आपल्यात काय तुझं नि माझं?"
वाईट माणूस नाही. खरंच त्यांना तसं वाटतं, म्हणून तर जास्त राग आला. नाव बदललं तेव्हासुद्धा इतका आला नव्हता. तेव्हा लाजत होते, मूर्ख.

२४ ऑगस्ट
मसुदा अजून टीव्हीवरच. रजा मिळत नाही, ऑडिट आहे, साहेब नवीन आहे. दर वेळी नवं.
कचेरीत क्लार्कनं तोडगा काढला: "परबबाईंकडून अधिकारपत्र आणा की. माझे पैसे सौ. सावंत यांना द्यावेत, असं." थट्टा करतोय असं वाटलं. नव्हता करत.
काका नको म्हणाले. कोर्टात त्यांची उमर गेली. "कागदावर एका मान्साची दोन केलीस, तर परत एक नाय व्हायची."
पण तिकडे साठे. दिवाळी जवळ येतेय.

२९ ऑगस्ट
केलं. मी, सुमन द. परब, माझी रिफंडची रक्कम सौ. वैशाली वि. सावंत यांस द्यावी. खाली सुमनची सही, त्याखाली मिळणारी म्हणून वैशालीची. अक्षर बदलायला कष्ट पडले नाहीत, आयुष्य दुसऱ्यांची अक्षरं गिरवण्यातच गेलंय.
क्लार्कनं शिक्का मारला. आज पहिल्यांदा "बसा" म्हणाला. काकांना सांगायचं धाडस झालं नाही.

६ ऑक्टो.
साध्या टपालानं दोन पाकिटं.
सौ. सावंत: आपले उत्पन्न सिद्ध होत नाही, सबब रिफंड नामंजूर.
कु. परब: तीन वर्षे उत्पन्न असून रिटर्न भरले नाही, दंड का करू नये याचा खुलासा द्या.
दोन्ही घेऊन वर गेले, अधिकारपत्राचं सांगून टाकलं. काका रागावले नाहीत, चहा सांगितला. रडू आलं ते त्यामुळे. अजून वेळ गेलेली नाही म्हणाले. सुमन म्हणून हजर हो, सगळं खरं सांग, नवऱ्याची सही सोबत ने. परत तीच सही.

१३ ऑक्टो.
साठ्यांचा निरोप, दुसरं गिऱ्हाईक आलंय. दिवाळीपर्यंत शब्द दिलाय, पुढचं नाही.
वि.ना परवा दोन्ही पाकिटं दाखवली. घाबरले, स्पष्ट दिसलं. म्हणाले, लिहून टाक, या पत्त्यावर अशी कोणी राहत नाही. प्रकरण मिटेल. मशीन मी घेऊन देतो.
"आणि रिफंड?"
"सोड ना. सातशे रुपड्या."
मशीन देतील, शब्दाचे पक्के आहेत. तळोज्याचं कामही येईल. त्यांचं नाव, माझी रेष. म्हणजे परत ट्रेसिंगच. आणि तरी दोन दिवस मी विचार करतेय. याची लाज वाटते.

२१ ऑक्टो.
शुक्रवार. तुर्भ्याच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी, म्हणून वि. घरी. दुपारी दार वाजलं, मी बोर्डवर वाकलेले. पोस्टमन विचारत होता, सुमन परब इथेच का? रजिस्टर आहे, सही लागेल.
वि. म्हणाले, "नाही, अशी कोणी राहत नाही इथे."
आवाजही चढवला नाही त्यांनी. शेजारच्या घराबद्दल सांगावं तसं सांगितलं. पोस्टमन पाकिटावर शेरा लिहायला लागला.
हात शाईचे तसेच घेऊन बाहेर आले. म्हटलं, "थांबा. मीच ती."
पोस्टमननं वि.कडे पाहिलं. वि. माझ्याकडे. "सही केलीस तर पुढचं तुझं तू निस्तर," एवढंच म्हणाले आणि आत गेले.
सही केली. आपोआप जुनी उमटली, शेवटच्या ब ची रेघ खाली ओढलेली, कॉलेजात होती तशी.
संध्याकाळ झाली. वि. चहाला आले नाहीत. इन्कमटॅक्सचं पाकीट बोर्डवर पडलंय, उघडलेलं नाही. चांगलं जाड आहे. रिफंडचं व्हाउचर एवढं जाड नसतं.