ओलं सारवण

सेलू,
श्रावणातला दुसरा सोमवार, १९८६

तीर्थस्वरूप चन्नाक्कास,

भागूचा शिवशरणार्थ, आणि दाजींनाही. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या खेपेला दिलेलं तेल तू लावत नसणार, मला माहीत आहे. निदान बाटली उन्हात ठेवत जा, म्हणजे तेलाला तरी बरं वाटेल. गाय व्याली का? दाजींचा खोकला हटला का? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे वाक्य दर पत्रात असतंच, पण या खेपेला ते खरं आहे, म्हणून दोनदा वाच.

आमचं राहतं घर वाचलं, अक्का. ते बुडायला निघालं होतं हेच तुला ठाऊक नाही, तेव्हा आधी बुडणं सांगते.

यांचं मोंढ्यातलं सरकीपेंडीचं दुकान तू पाहिलंच आहेस. तिथं बसून हे लोकांचे बैल पुष्ट करत होते तोवर सगळं ठीक होतं. मग स्टेशनाकडची एक जुनी दोन खोल्यांची जागा यांनी घेतली, वरचं मातीचं माळवद उतरवून पत्रे टाकले, भिंतींना चुना दिला आणि भाडेकरू ठेवला. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण दुकानात पेंड न्यायला येणाऱ्या कुणीतरी यांच्या कानात घातलं की दुरुस्त केलेल्या घराची किंमत वाढते, ते बँकेकडं गहाण टाकून दुसरं घेता येतं, आणि दुसरं दुरुस्त केलं की त्याच्यावर तिसरं. झालं! केळीच्या बुडाला पिल्लं फुटावीत तशी यांच्या डोक्यात घरं फुटायला लागली. जेवताना हातातला घास तसाच धरून म्हणायचे, "घराला घर फुटतं, भागू." त्यावर आमच्या सासूबाई म्हणायच्या, "फुटू दे बाबा, पर तवर भाकर गार व्हायलीय."

दुसरं घर कापसाच्या जिनिंगच्या मागं. तिथं तर यांनी हौसच केली. जुनं माळवद पाडून स्लॅब टाकला, आत जमिनीला लाल सिमेंटचा कोबा केला. कोबा असला गुळगुळीत की वाकून पाहिलं तर आपलंच तोंड दिसावं. (मी पाहिलं. पाहायला नको होतं.) आणि भिंतींना खुंट्या. अक्का, किती खुंट्या! दाराशेजारी, चुलीवर, देवळीच्या दोन्ही बाजूंना. गवंडी म्हणाला, "मालक, ह्यो काय बैलाचा गोठा हाय का?" यांनी त्याला पुढच्या खुंटीची जागा दाखवली. मला मात्र कारण ठाऊक आहे. लहानपणी हे भाड्याच्या खोल्यांमधून वाढले. हातगाडीवर भांडी घालून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, आणि प्रत्येक घरमालक पहिल्या दिवशीच बजावायचा, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. यांच्या वडिलांचा सदरा म्हणे कायम दाराच्या कडीवर असायचा. कुणी आलं की सदरा खाली पडायचा. असा माणूस घरमालक झाला तर दुसरं काय करणार? मला त्या खुंट्यांचं हसू येई आणि मग येईनासं होई.

त्या घरात पेडगावच्या चांगुणाबाई राहायला आल्या. त्यांचा नवरा जिनिंगवर आहे. हे भाडं मागायला जायचे आणि चहा पिऊन, त्यांच्या शेळीसाठी दुकानातली पेंड पोचवून परत यायचे. असल्या धंद्यातून हे तिसरं घर काढणार होते!

आणि काढलंही असतं. बन्सीधर शेठची बाजारातली खोल्यांची अख्खी ओळ विकायला निघाली. बँकेनं सांगितलं, आमचे साहेब येऊन तुमचं स्लॅबचं घर पाहतील. पक्कं आहे असं त्यांनी लिहून दिलं की कर्ज वाढवून देऊ, पण जोडीला राहत्या घराचे कागदही ठेवावे लागतील. मी विचारलं, "अन् फेडता न्हाई आलं तर?" हे म्हणाले, फेडायचीही सोय केली आहे. हे घरसुद्धा भाड्यानं द्यायचं आणि आपण दुकानामागच्या खोलीत जायचं. "आपल्याला काय, तीन तर माणसं."

मी दुपारी त्या खोलीत जाऊन उभी राहिले. पेंडीच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं (वासानंच, असं आपण धरू). आमच्या अंगणातलं बेलाचं झाड आठवलं. सासूबाई रोज सकाळी त्याची पानं तोडतात, तेव्हा झाडाशी काहीतरी बोलतात. ते कुठल्या हातगाडीवर घालायचं? ज्या माणसानं आयुष्यभर 'खोली रिकामी करा' याचा धसका घेतला, तोच माणूस स्वतःला तसं सांगायला निघाला होता, आणि त्याला ते दिसत नव्हतं. भांडावं असं फार वाटलं. पण यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी आपली भाकरी थापायला बसले.

साहेब परभणीहून यायचे होते. ठरल्या दिवशी नामांतराच्या बंदमुळं एसट्या बंद होत्या, म्हणून पुढच्या सोमवारी येतो असा निरोप आला. सासूबाईंनी तो ऐकला. श्रावणातला पहिला सोमवार, मोठा पाहुणा, आणि जमीन सारवणाविना उघडी! तशा त्या कोब्यावर आधीच रागावलेल्या होत्या, कारण एकदा त्या तिथं घसरल्या होत्या. ("पाय ठरंना, ही काय जमीन हाय?") चांगुणाबाईंचंही तेच म्हणणं. स्लॅब उन्हात तापतो म्हणून दोघींनी मिळून मृगाच्या आधीच त्याच्यावर गाडीभर पांढरी माती पसरून टाकली होती, नेहमी माळवदावर टाकतात तशी. श्रावणापर्यंत तिच्यात तरोट्याचं तण गुडघाभर वाढलं होतं. शेळी खूश होती.

तर सोमवारी हे साहेबांना घेऊन पोचले, मीही चहासाठी आधीच गेले होते, आणि दारात काय? सासूबाई पदर खोचून उंबऱ्याशी सारवणाचा शेवटचा हात फिरवत होत्या. लाल कोबा गायब. सगळं घर हिरवंगार, ओलं, ताज्या शेणाच्या वासाचं, कोपऱ्यात रांगोळीसुद्धा. (शेणाची पाटी मी उचलून दिली, हे खरं आहे. पण सासूनं मागितलं ते सुनेनं द्यायचं नाही का?)

हे आत धावणार, तोच चांगुणाबाई ओरडल्या, "मालक, वल्यावर पाय देऊ नका, आत्ता सारवलंय!"

"अवो, खाली कोबा हाय! साहेब, खाली कोबा हाय!"

"आसंल की, पर वरलं वाळू तर द्या!"

हे किल्ली घेऊन उंबऱ्याजवळ खरवडायला बसले. सासूबाईंनी हातावर चापट मारली. यांचं वय पन्नास, अक्का. साहेब मोठे सभ्य निघाले. म्हणाले, "राहू द्या शिवमूर्तीराव, ओल्या सारवणात पाय दिला असता तर माझ्या आईनं मला जेवू घातलं नसतं." त्यांनी बाहेरच बाजेवर बसून चहा घेतला, मान वर करून छपरावरचा तरोटा पाहिला, दारातून जमीन पाहिली आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. जाताना कागदावर काय लिहिलं ते यांनी डोकावून वाचलं: माळवदी घर, जमीन मातीची.

परवा बँकेचा नकार आला. बन्सीधर शेठनं खोल्या दुसऱ्याला दिल्या. मी घाबरत घाबरत ताट वाढलं. यांनी भाकरी गरम असतानाच संपवली आणि दुसरी मागितली. मग अंगणात बेलाखाली बाज टाकून बराच वेळ वर बघत राहिले. म्हणाले, "बरंच झालं म्हण." आणि घोरायला लागले. किती महिन्यांनी घोरले! मी शेजारी बसून ते घोरणं ऐकलं.

एक गोष्ट मनात राहून जाते. सासूबाई जन्मभर पहाटे सारवतात. त्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर का सारवलं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. सकाळी बेलाची पानं तोडताना मात्र त्या आता गुणगुणतात.

दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझी,
भागू

ता. क. घोरून उठल्यावर यांना तुझं ताडकळसचं घर आठवलं. तुझा धाकटा नांदेडला गेल्यापासून पुढच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत, त्या दुरुस्त करून तुमचं घर गहाण टाकलं तर म्हणे दोन्ही घरांचं भलं होईल. दाजी कुणालाच नाही म्हणत नाहीत, हे यांना ठाऊक आहे. गुरुवारी पूर्णेच्या बँकेच्या साहेबांना घेऊन येत आहेत. साहेब नवे आहेत, त्यांना काही माहीत नाही. अक्का, ओसरीपासून माजघरापर्यंत सारवून ठेव. जरा पातळच, लवकर वाळायला नको. शेण घरचंच आहे; गाईची चौकशी मी उगीच केली नाही.

ता. क. यांच्या पिशवीत हातोडा असेल. एक खुंटी ठोकू दे, आणि जेवायला बसवण्याआधी यांचा सदरा तिच्यावर अडकव.