आय ॲम गुड, म्हणजे बरं

४ जानेवारी, सकाळी
संकल्प: यंदाची रोजनिशी निर्दोष मराठीत. निमित्त मंगल आहे. नात गंधालीचे लग्न ठरत आहे. मुलगा कृणाल, वेसाव्याचा कोळी, नोकरी अंधेरीत. आज तो मुलुंडला आमच्याकडे येणार. साखरपुड्यात घरच्या कुणी तरी चार शब्द बोलावेत, असे सूनबाई मानसी म्हणत होती. कुणी तरी म्हणजे कोण, हे उघड आहे. छापखान्यात जन्मभर मुद्रिते मीच तपासली.

सायंकाळी
मुलगा नम्र, इंग्रजी सदोष. आणखी चहा घेणार का, असे विचारले. म्हणाला, “आय ॲम गुड, आजोबा.” प्रश्न चहाचा, उत्तर चारित्र्याचे! तरीही न्यायबुद्धीने विचार केला. गुड म्हणजे बरं. मराठी माणूस ‘बरं’ म्हणतो तेव्हा तो होकार असतो. कप भरला. पुन्हा विचारले, पुन्हा गुड, पुन्हा भरला. शेवटी शेवटी त्याला घाम फुटला. गंधाली माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती. कौतुकाने असावे.

७ जानेवारी
हा वाक्प्रचार आत्मसात करावयाचा. नव्या पिढीशी तिच्याच भाषेत बोलल्याने प्रतिष्ठा वाढते.

९ जानेवारी
केशकर्तनालयात गेलो. डोक्याला मालिश करू का, असे न्हाव्याने विचारले. “आय ॲम गुड,” मी म्हणालो. त्याने टॉवेल झटकला आणि पुढचे गिऱ्हाईक बसवले. विसराळू मनुष्य.

१० जानेवारी
शेजारचा नितेश गाडी काढत होता. काका, बाजारापर्यंत सोडू का, म्हणाला. ऐटीत सांगितले, “आय ॲम गुड.” दार उघडण्यासाठी हात पुढे केला, तोच गाडी निघून गेली. इंजिनिअर झाला, पण इंग्रजी कच्चे राहिले. भर उन्हात चालत गेलो.

१२ जानेवारी
आनंदाचा दिवस. मानसी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “अण्णा, साखरपुड्याला तुम्ही बोलताय ना? की त्रास नको?” मी उभा राहून म्हणालो, “आय ॲम गुड.” ती म्हणाली, “बरं.” समीकरण सिद्ध! शिवाय तिचा चेहरा एवढा उजळला की मला भरून आले.

१८ जानेवारी
भाषण सिद्ध. विषय: ‘दोन घराण्यांची संधी’. आधी स्वरसंधी, मग व्यंजनसंधी, शेवटी विसर्ग. ‘वधू’तील धू दीर्घ का, यावर स्वतंत्र परिच्छेद. सौ. शकूला वाचून दाखवले. डोळे मिटून ऐकत होती. घोरण्यासारखा आवाज तल्लीनतेचा.

जागी झाल्यावर म्हणाली, “अहो, यात पोरीचं नाव कुठंय?”

बायकांना रचना कळत नाही. नाव शेवटच्या वाक्यात आहे. ते वाक्य मी कुणालाच वाचून दाखवलेले नाही. ‘गंधाली, तू गेल्यावर माझ्या चुका कोण काढणार?’ मोबाईलवर मी काहीही टाईप केले, तरी ती तपासून देते. पाठ करताना तेवढ्याच वाक्यावर घसा बसतो. खडीसाखर आणली.

२६ जानेवारी, हॉलवरून परतल्यावर
नोंद थोडक्यात.

अंगठ्या झाल्या. मी जॅकेटची बटणे लावून सज्ज. माईक कृणालच्या आजोबांकडे, लहूशेठकडे गेला. पाहुण्यांना आधी मान, असे समजून मी स्मित केले. ते म्हणाले, “पोरगी मासे खाते. आणखी काय पाहिजे?” सभागृह हसून लोळले. एक संधी नाही, विसर्ग नाही.

तेवढ्यात वेटरने कृणालला सरबत विचारले. तो म्हणाला, “आय ॲम गुड.” वेटर ट्रे घेऊन चालू लागला. मी वेटरला थांबवून झापले. कृणालने माझा हात धरला.

“आजोबा, आय ॲम गुड म्हणजे नको.”

“मग त्या दिवशी चहा का प्यायलास?”

“तुम्ही ओतत होता ना. तुम्हाला नाही कसं म्हणणार?”

न्हावी आठवला. नितेशची गाडी आठवली. मग पोळ्या लाटणारी मानसी आठवली.

लांबून गंधालीने माझा चेहरा पाहिला असावा. माईक घेऊन ती धावत आली. म्हणाली, आईने सांगितले की तुम्ही नाही म्हणालात, पण आजोबा, दोन शब्द तरी बोला. मला बोलावयाचे होते. पण आपल्यात पहिल्याच विचारण्याला कुणी हो म्हणते काय? निदान दोनदा आग्रह व्हावा, मग उठावे, ही रीत. शिवाय थोडा फुगलोही होतो. मान वळवून म्हणालो, “आय ॲम गुड.”

उच्चार स्वच्छ, अर्थ अचूक, प्रसंगाला साजेसा. जन्मात प्रथमच.

गंधाली म्हणाली, “बरं,” आणि माईक बंद केला.