पटक्याचे दुसरे टोक

सोलापूर,
दि. १० फेब्रुवारी २०२५

श्री सिद्धेश्वर प्रसन्न

सौ. बसम्मा हीस शिवपुत्रचे अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम आहे. दारातला कढीपत्ता पुन्हा फुटला. नळाला पाणी आले की भांडी भरून ठेवतो. एकट्यास ते पुरून उरते. फोनवर माझा आवाज चढतो व तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र लिहीत आहे.

आपल्या मंजुनाथने शेजारच्या नागम्माकडे माझ्या डोकेदुखीची चौकशी केल्याचे समजले. त्याचे उत्तर असे. तू त्याच्याकडे करमाळ्यास गेल्यापासून रोज दुपारी माझे डोके कपाळापासून मानेपर्यंत ठणकते व सायंकाळी आडवा झालो की उतरते. डोळे तपासले, दात तपासले, डोक्याचा फोटोही काढला. कशातही दोष निघाला नाही. नागम्माने मीठ-मिरची उतरवली व वर म्हणाली, "तुमाला कुणाची दृष्ट लागंल की ओ काका? तुमीच समद्यांकडं डोळं वटारून बगता."

दवाखान्यात जाताना मी टोपी घालत असे. परक्यांसमोर पटका उतरविणे मला मान्य नाही, हे तू जाणतेस. मागील गुरुवारी मात्र मठातून परतताना घेरी आली आणि लोकांनी मला तसेच डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी पटका उतरविला. कपाळावर बोट रुतेल असा वळ होता.

"आजोबा, हे रोज कोण बांधतंय हो?"

"मीच."

"एवढं आवळून? बैलाला तरी कोण बांधतंय का असं?"

औषध दिले नाही. सैल बांधत जा, एवढेच म्हणाल्या.

सैल कसा बांधावा, हे मला येत नाही. आजवर मी डोक्यास वेढे देत गेलो आणि तू दुसरे टोक धरून हळूहळू पुढे येत गेलीस. ओढ जास्त झाली की "साकु" म्हणायचीस व मी थांबत असे. तू गेल्यापासून ते टोक मी खिडकीच्या गजाला बांधतो. गज पुढे येत नाही आणि बोलतही नाही. शेजारी कोणास "टोक धर" म्हणणे माझ्याने झाले नाही.

दसऱ्याला तू सुनेच्या बाळंतपणासाठी निघालीस, तेव्हा "परजातीची सून या उंबऱ्याच्या आत येणार नाही" असे मी बोललो. त्याही वेळी तू "साकु" म्हणाली होतीस. मी थांबलो नाही.

तुला अक्षरओळख नाही व मंजुनाथ दिवसभर कचेरीत असतो. तेव्हा हे पत्र तुला कोण वाचून दाखवीत आहे, याची मला कल्पना आहे. वरचे वाक्य तिला स्वतःच्या तोंडाने वाचावे लागले असेल. ते गाळून लिहिणे मला खोटेपणाचे वाटले.

महाशिवरात्रीस सर्वांनी यावे. तुझा खांदा आता दुखतो. टोक धरण्यास घरात आणखी कोणीतरी हवे. काम अवघड नाही. हळूहळू पुढे यावे व वेळेवर "साकु" म्हणावे. चि. सौ. धम्मप्रिया हीस कन्नड येत नसल्यास तिने "पुरे" म्हटले तरी मी थांबेन.

नातीस आशीर्वाद. तिचे नाव काय ठेवले, ते मी अद्याप विचारले नव्हते. आता विचारीत आहे.

तुम्ही येईपर्यंत टोपी घालणारा,
शिवपुत्र