महापौरांची घंटा आणि तुझा धवला

आये, तुला निवडणुकीला कोणी उभं केलं नव्हतं, गावाने तुझी थट्टा केली होती. शहर नवं, आपल्याच गावांच्या जमिनीवर उठलेलं, महापालिका नवी, आणि आपला वॉर्ड बाईसाठी राखीव निघालेला. देवळात पुरुषमंडळी जमली. ज्याच्या त्याच्या मनात आपलीच बायको, आणि त्या बायका दारं लावून घरात बसलेल्या. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "धवलारनीलाच उभी करा. एकदा गाया लागली का थांबत नाय." सगळे खो खो हसले. तू बाहेर ओट्यावर सोडे निवडत होतीस. हात न थांबवता तू विचारलंस, "अर्ज कवा भरायचा?" आणि आतलं हसणं जिथल्या तिथे बसलं.

त्यांना काय माहीत, तू अर्धा प्रचार आधीच करून ठेवला होतास ते! आपल्याकडे लग्न लागतं धवलारणीच्या गाण्यावर. देवांना, पितरांना, सोयऱ्याधायऱ्यांना ती एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि तिचा धवला पुरा होईपर्यंत नवरदेवसुद्धा पाटावरून उठत नाही. तू दारोदार गेलीस ती एकच प्रश्न घेऊन. "तुजं लगीन कोनी लावलं?" "तुमीच, आये." "मंग?" झालं भाषण. सेक्टरातल्या बिल्डिंगीत मात्र तू मासळीवाली. चौथ्या मजल्यावरून एक वहिनी ओरडल्या, "मावशी, आज बोंबील आहेत का?" तू खालून, "आज बोंबील नाय वहिनी, आज मत!" त्या इतक्या हसल्या की सोसायटीच्या बायकांना घेऊन मतदानाला आल्या.

निवडून आलीस आणि लगेच स्वतःला अडकवून घेतलंस. सेक्टरात नळ, गावात मात्र हंड्यांची रांग. गुलाल अंगावर असतानाच तू बायांना शब्द दिलास, "गावान पानी आनल्याबिगर मी धवला गानार नाय." इकडे आपल्या धाकटीचं लग्न ठरलेलं. आईच धवलारीण आणि लेकीच्या मांडवात दुसऱ्या गावची बाई आणून बसवायची? धाकटी तर तुझ्याशी बोलेचना. तू आपली शांत. "पानी येल गो," म्हणायचीस, आणि रोज सकाळी मासळीच्या आधी महापालिकेची पायरी चढायचीस.

तो दिवस मला आत्ता दिसतोय. मी वर प्रेक्षकांच्या बाकावर बसलेय. खाली तू हिरवं लुगडं नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा माळून उभी आहेस. विषय पाण्याचा. महापौर म्हणतात, "बोला." आणि तू धवल्याला करतेस तशी सुरुवात करतेस. आधी गावदेवी, मग खाडीची देवता, मग आपले पितर, मग सभागृहातले एकेक सभासद, त्यांच्या त्यांच्या गावासकट. कोणाला वगळून चालतंय होय! बोलायचा वेळ संपतो. महापौर घंटा वाजवतात. तू हात जोडून खुशीने म्हणतेस, "वाजवा साहेब, देवाचं नाव घेताना घंटा पायजेच." आणि पुढे सुरू. ते पुन्हा वाजवतात, तू पुन्हा नमस्कार करतेस. सभागृहात हास्याचा नुसता धबधबा. एक साहेब टेबलावर डोकं ठेवून हसतायत. मग तू पदर खोचतेस. "आमी जमीन दिली, म्हंजे पोर दिली. तुमी आमचे व्याही झाले. व्याह्याच्या घरान नळ वाहतंय नि पोरीच्या माहेरान हंडा कोरडा, ही कंची सोयरीक?" त्यानंतर तू आणखी एक वाक्य बोललीस, आणि महापौरांनी हातातली घंटा खाली ठेवली. पाइपलाइन त्याच बैठकीत मंजूर झाली.

धाकटीच्या हळदीच्या आधी गावात पाणी आलं. बायांनी पहिला हंडा तुझ्या डोक्यावर ओतला, तू भिजलेल्या लुगड्यानेच मांडवात शिरलीस आणि असा धवला गायलास की नवऱ्याकडची माणसं जेवायचं विसरली. पुढच्या निवडणुकीत पडलीस तेव्हाही तुझ्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "बरं झालं, लग्नांना वेल मिलंल," एवढंच म्हणालीस, आणि देवाघरी गेलीस तेव्हा मांडवातल्या गाण्यांनीच तुझा आवाज बसलेला होता.

आये, मी शाळा चौथीत सोडलेली, बाकीचं पुड्यांचे कागद वाचून शिकले. हे लिहिलेलं गादीखाली राहील, कुठे पाठवणार? पण एक गोष्ट तुलाच सांगायची आहे. तुझं ते भाषण मी नातवंडांना, शेजारणींना, जुईनगरच्या भजनातल्या बायांना हातवारे करून ऐकवते. शेवटचं वाक्य आलं की सगळ्या टाळ्या वाजवतात. ते वाक्य मी ऐकलेलंच नाही गो. हसता हसता मला ठसका लागला होता, शेजारची बाई पाठीवर थापा मारत होती. घरी येऊन तुला विचारलं, तर म्हणालीस, "लगीन लागलं का तो धवला परत म्हनत नाय." म्हणून ते वाक्य दरवेळी मी माझ्या मनाचं लावते. काल लावलं ते तर फारच झकास जमलं होतं.