आजोबांच्या अर्ध्या पेन्या

गुरुवार, १७ जुलै १९६९
घात झाला! आमच्या पबच्या काउंटरवरची अर्ध्या पेन्यांची बरणी बँकेत रिकामी करून आले — १ ऑगस्टपासून ती चलनातून बाद, कुत्रं विचारणार नाही, म्हणून. दोनशे चाळीस नाणी, दहा शिलिंग! खुशीत परतले, तर बाबा खेळाच्या फळीपाशी. "हेटी, माझ्या पाच कुठायत?"
त्या पाच आजोबांच्या. फळीवरच्या रेघांमधल्या रकान्यांत तळहाताने सरकवायच्या, म्हणून एका बाजूने घासून गुळगुळीत केलेल्या. बरणीतच असायच्या. आणि २ तारखेला पलीकडच्या गावाशी सामना!

१८ जुलै
पोस्टमन पर्सी बाबांच्या संघात, त्यामुळे त्याचं तोंड बंद होईना. "वाडवडलांचा खजिना विकलास गं बाई!"
बाबा एवढंच म्हणाले, "हरवल्यास तू, नव्या घासशीलही तूच."

२१ जुलै
माणूस चंद्रावर उतरला. गाव टीव्हीसमोर, आणि मी मागच्या पायरीवर अर्ध्या पेनीवरचं जहाज घासतेय! बोटांची सालटी निघाली.

२४ जुलै
नीट सरकतात का, हे फळीवरच कळणार. पण बाईचा हात लागला की फळी चिकटते म्हणे! बाबांनी पेपरातून मान वर काढली नाही. "सकाळी पब बंद असतो. फळीला कोण सांगतंय?"

२९ जुलै
रोज सकाळी खेळतेय. नाही — चाचणी घेतेय! आज जिंकायला लागतात तशी नऊही रकान्यांत तीन-तीनदा नाणी बसवली.
मला सामन्यात खेळायचंय. लिहून टाकलं एकदाचं. लहानपणापासून नुसते खडूने गुण मांडत आले.

शनिवार, २ ऑगस्ट
बिअरचं पिंप उचलताना बाबांचं मनगट मुरगळलं. नेमकं आज! हात गळ्यात बांधून म्हणाले, "हेटी खेळेल."
पाहुणे ओरडले, "बाई?"
पर्सी म्हणाला, "का, हरायची लाज वाटते?"
शेवटचा एक रकाना, शेवटचं एक नाणं. सरकवलं — बरोबर दोन रेघांच्या मध्ये! जिंकलो! पर्सीने मला काउंटरवर बसवलं. फळी काही चिकटली नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट
धुण्याचा दिवस. बाबांच्या जाकिटाच्या खिशात पाच अर्ध्या पेन्या सापडल्या. गुळगुळीत — आजोबांच्या! अंगणात बाबा शीळ घालत पिंप उचलतायत. दोन्ही हातांनी.