दाराआडची बॅट

चिमे,

बाबांनी आणलेली बॅट मी दुकानात बदलून आणली. ‘पुढची दोन वर्षं पुरेल’ म्हणून त्यांनी मोठ्या मापाची घेतली, आणि ती वेळेत वर येईना म्हणूनच चेंडू तुझ्या भुवईवर बसला. बोटभर खाली लागला असता तर?

नवी हलकी आहे, दाराआड ठेवलीय. दुकानदार म्हणाला, एका हाताने समोर धरून दहापर्यंत मोजा. तू नव्हतीस, म्हणून मीच मोजलं. माझ्या घड्याळाचा पट्टा तुलाही त्याच भोकावर बसतो, आपलं मनगट सारखंच ना!

जुनीच निळी ग्रिप चढवून घेतलीय. तरी बाबांना कळलंच, तर तू मध्ये बोलू नकोस. मी ऐकून घेईन.

हेल्मेट घाल. मॅचला येतेय, पण पाठ करून उभी राहीन. टाळ्या वाजल्या की वळेन.

आई