ट्रकसाठी एकच पंखा

टिल्डे,

मी बेंटच्या दुकानात पंखा आणायला चाललोय. राय धान्याचा पाव कापून ठेवलाय, तो खाऊनच बाहेर पड.

उद्या तुम्ही सगळे शाळा संपल्याच्या पांढऱ्या टोप्या घालून मागे नाचणार आणि मी ट्रक गोगलगायीच्या चालीने प्रत्येकाच्या दारी खाण्यापिण्याला थांबवत नेणार. आपल्या म्हाताऱ्या ट्रकचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी हळू चालली की तोही आळसावतो. गेल्या वर्षी नवव्या घरापाशीच रेडिएटर उकळला होता. वर्गात सांगत बसू नकोस.

बेंट म्हणाला, "विजेवरचे दोन पंखे लाव लेका, बर्फ पडेल!"

मी म्हटलं, "बर्फ पडेल रे, पण माझ्या डायनामोचा जीव जाईल."

शेवटी रेडिएटरच्या मागे बसणारा, कमी वीज खाणारा एकच पातळ पंखा ठरवलाय. इंजिन आणि रेडिएटरच्या मधे जागा चार बोटंच आहे, तीनदा मोजली.

थांब्यांची यादी काल तुझी मैत्रीण देऊन गेली. तेवीस घरं आहेत. तुझ्या नावापुढे आईचा पत्ता आहे. बरोबरच आहे, तिथे अंगण मोठं आणि माणसंही भरपूर. तुम्ही आत खात असाल तेव्हा मी ट्रकमध्येच बसेन, चालकाने उतरायचं नसतं.

शेवटच्या घराहून परतताना रस्ता आपल्या दारावरूनच जातो. चोविसाव्या घरापर्यंतही पाणी उकळणार नाही ना, हे बेंटला दोनदा विचारलंय. नाही म्हणाला.

बाबा